जुन्या रेडिओग्रामचे व्हॉल्व्ह : सगळे बदलायचे की आहेत तेच जपायचे?

तानपुरा

नमस्कार मंडळी,

आजोबांचा रेडिओग्राम गेल्या दिवाळीत माळ्यावरून खाली आणला. साठच्या दशकातला असावा. वर तबकडी, खाली रेडिओ, पुढे सोनेरी धाग्याचं कापड आणि मधोमध तो हिरवा डोळा. लहानपणी नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला तेल लावून घेताना मी त्या डोळ्याकडे बघत बसायचे. आधी काहीच नाही, मग हिरवा उजेड हळूहळू फुटायचा आणि पाठोपाठ सनई. माझी दिवाळी तिथून सुरू होते. म्हणून तो नुसता मांडून ठेवायचा नाही, वाजता ठेवायचा, असं आईने आणि मी ठरवलंय.

आत सहा व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, आहेत. काचेवर वाचता आलेली नावं अशी : ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि डोळ्याचा ईएम ८०. रेडिओ आणि तबकडी दोन्ही चालतात. अडचण अशी की पहिली पंधरा-वीस मिनिटं आवाज सुंदर असतो, मग हळूहळू फाटायला लागतो. माणिक वर्मांचा आवाज घोगरा झालेला ऐकवत नाही हो. बंद करून तासाभराने लावला की पुन्हा वीस मिनिटं छान.

एका दुरुस्तीवाल्यांनी मागचा पुठ्ठा काढून बघितलं आणि म्हणाले, "व्हॉल्व्ह म्हातारे झालेत, सगळा सेट बदला." त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी विचार करून सांगते म्हटलं आणि घरी आले.

माझे प्रश्न : व्हॉल्व्ह खरंच म्हातारे होतात का, आणि सगळे एकदम? आणि रोज तास-दोन तास ऐकायचं तर त्यांची निगा कशी राखायची? आई दर रविवारी मऊ फडक्याने पुसते, ते बरोबर आहे ना? मी शाळेत मराठी शिकवते, यातलं तांत्रिक मला कळत नाही, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

खडकवासला

सगळे बदलू नका एवढं नक्की. बाकी जाणकार सांगतीलच. वाचतोय.

निशिगंध

फोटो टाका ना! आमच्याकडेही असाच होता, त्यावर आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर पितळी हरीण. रेडिओ गेला, हरीण अजून आहे.

ट्रायोडप्रेमी

माझ्याकडे ईएल ३४ चा पुश-पुल अॅम्प्लिफायर आहे, बारा वर्षं रोज ऐकतो. व्हॉल्व्ह म्हातारे होतातच. पॉवर व्हॉल्व्ह साधारण दोन ते पाच हजार तास देतात, छोटे सिग्नलचे व्हॉल्व्ह दहा हजार तासांच्या पुढेही जातात. त्यामुळे सगळे एकदम बदलण्याचं कारण नाही. तुमच्यातला पॉवर व्हॉल्व्ह म्हणजे ईएल ८४, तो संपलाय, तेवढा नवा घाला. आवाज फाटण्याचं दुसरं काय कारण असणार?

डिमरस्टॅट

तानपुरा ताई, आधी एक करा. निदान होईपर्यंत तो रेडिओग्राम लावू नका.

मी १९६९ पासून दादरला रेडिओ दुरुस्त करत होतो, आता निवृत्त आहे. ट्रायोडप्रेमींनी दिलेले तास बरोबर आहेत, निदान चुकलंय. संपलेला व्हॉल्व्ह पहिल्या मिनिटापासूनच रडतो. कॅथोडवरचा लेप दमला की इलेक्ट्रॉन कमी सुटतात, आवाज बारीक होतो, सेट जागा व्हायला वेळ लागतो, आणि तापल्यावर झालाच तर थोडा सुधारतो. ताईंचं नेमकं उलट आहे. थंड असताना छान, तापल्यावर खराब. म्हणजे त्यांच्या ईएल ८४ मध्ये भरपूर जीव आहे, तो नको इतका करंट ओढतोय. आणि तो आपणहून ओढत नाहीये, त्याला ओढायला लावलं जातंय.

हे कोण करतं ते सांगतो. ईबीसी ८१ च्या प्लेटवर, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे पोचतात तिथे, शंभरच्या आसपास व्होल्ट असतात. तिथून गाणं पुढे ईएल ८४ च्या ग्रिडकडे, म्हणजे करंटला लगाम घालणाऱ्या जाळीकडे, जायचं आणि व्होल्ट मागेच थांबायचे, हे काम मधल्या एका कंडेन्सरचं. बहुधा ०.०१ मायक्रोफॅरडचा असेल. त्या काळचे हे कंडेन्सर कागद आणि मेणाचे. पन्नास पावसाळे खाल्ल्यावर कागद ओल धरतो आणि दारावरचा माणूस डुलक्या घ्यायला लागतो. थोडे थोडे व्होल्ट ग्रिडवर पोचतात. ग्रिड पॉझिटिव्ह झाली की व्हॉल्व्हचा लगाम सुटला. तो तापतो, शेजारचा कंडेन्सरही तापतो, तापल्यावर आणखी गळतो, आणि वीस मिनिटांत गाणं फाटतं.

आता नवा ईएल ८४ घातला तर? महिनाभर बरं वाटेल आणि मग तोही जाईल. माझ्या दुकानात व्हॉल्व्ह रुमालात बांधून घेऊन येणारी माणसं असायची, "हा गेलाय, दुसरा द्या." मी टेस्टरवर लावून दाखवायचो की व्हॉल्व्ह चांगला आहे, सेट घेऊन या. दहांतले सात-आठ तरी असे परत गेले असतील.

तपासायचं असं. ओळखीत मीटर धरता येणारं कुणी असेल तर त्यांना सांगा. ईएल ८४ च्या तिसऱ्या पिनेवर, म्हणजे कॅथोडवर, चॅसीच्या (आतल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या) मानाने किती व्होल्ट आहेत ते सुरुवातीला मोजायचं आणि वीस मिनिटांनी पुन्हा मोजायचं. सात-साडेसातवर स्थिर राहिलं तर ठीक, चढत गेलं तर गडबड. मग दुसरी पिन, म्हणजे ग्रिड. तिथे शून्य हवं. तिथे पॉझिटिव्ह व्होल्ट दिसले तर सेट बंद करून कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवायचं आणि पुन्हा बघायचं. व्होल्ट गेले तर दोष कंडेन्सरचा. टोक सोडवूनही राहिले तर व्हॉल्व्हमध्ये वायू शिरलाय, तेव्हा मात्र तो बदलायचा.

डिमरस्टॅट

वरच्यात एक राहिलं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. आत अडीचशे व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये ते काही काळ राहतात. आधी रेझिस्टरने ते उतरवायचे आणि मीटरने शून्य दिसल्यावरच हात घालायचा. चालू सेटवर मोजताना एक हात पाठीमागे. ताई, तुम्ही स्वतः करू नका.

आणि हे वाचून कुणी आपला छोटा टेबल रेडिओ उघडणार असेल तर नावं बघा. यूसीएच ८१, यूसीएल ८२, यूवाय ८५ अशी यू ने सुरू होणारी नावं असली तर तो एसी-डीसी सेट. त्याला मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, सगळ्यांचे फिलामेंट दिव्यांच्या माळेसारखे ओळीत जोडलेले असतात आणि चॅसीला थेट मेन्सची एक वायर असते. तिथे चॅसीला हात म्हणजे मेन्सला हात. बटणाची टोपी निघालेली असेल तरी उघड्या दांड्याला हात लावू नका.

निशिगंध

काका, केवढं सोप्या भाषेत! बारावीला हेच वाचलं होतं आणि काही कळलं नव्हतं.

ट्रायोडप्रेमी

काका, पटलं. थंड-गरम हा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता. माझ्या अॅम्प्लिफायरमध्ये नवे कंडेन्सर असल्याने त्या बाजूचा विचारच होत नाही.

सर_प्रयोगशाळावाले

तानपुरा यांच्या आईंच्या फडक्याबद्दल. काच पुसल्याने व्हॉल्व्हला इजा नाही, पण अक्षरं जातात. जुन्या व्हॉल्व्हवरची छपाई फार नाजूक असते, ओल्या बोटानेही निघते. आणि नाव गेलं की पुढच्या पिढीला तो कुठला व्हॉल्व्ह ते ओळखणं कठीण. आधी सगळ्या नावांचे आणि जागांचे फोटो काढून ठेवा, मग नुसत्या कोरड्या ब्रशने धूळ झटका. आमच्या महाविद्यालयात कुणी उत्साहाने सगळे व्हॉल्व्ह स्पिरिटने स्वच्छ केले, आणि कपाटभर निनावी काच उरली.

व्हॉल्व्ह जिवंत आहे का हे डोळ्यांनी कळण्याची एक खूण आहे. काचेच्या आत, बहुधा टोकाला, आरशासारखा चंदेरी थर दिसेल. त्याला गेटर म्हणतात, तो बेरियमचा असतो. आत चुकून राहिलेला किंवा पुढे सुटलेला वायू तो शोषून घेतो. हा थर चंदेरी, काळसर किंवा कडेला तपकिरी असेल तर काळजी नाही. पांढरा, दुधासारखा दिसला तर काचेला तडा जाऊन हवा शिरली, तो व्हॉल्व्ह संपला. तो सेटमध्ये लावूही नका.

फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह केला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत डी फॉरेस्टने त्यात ग्रिड घातली. झडपेसारखा, एकाच दिशेने जाऊ देणारा, म्हणून इंग्रजांनी त्याला व्हॉल्व्ह म्हटलं आणि आपल्याकडे तोच शब्द रुजला. मुलांना तापलेला ईसीसी ८३ दाखवला की वर्ग शांत होतो. ट्रान्झिस्टरमध्ये काय चाललंय ते दिसत नाही, इथे निदान कॅथोड पेटलेला दिसतो.

आंबोळी

हाताने धरलं तर काच फुटते, हातमोजे घालायला हवेत, असं ऐकलं होतं. खरं का?

सर_प्रयोगशाळावाले

ते हॅलोजन दिव्यांचं. त्यांची काच फार जास्त तापते आणि बोटाच्या तेलाचा डाग तिथे घात करतो. आपल्या रेडिओच्या व्हॉल्व्हला तो धोका नाही. चटका मात्र बसतो, तेव्हा थंड झाल्यावरच काढा.

डिमरस्टॅट

आणि काढताना सरळ वर ओढा, अगदी थोडं मागे-पुढे हलवत. गोल फिरवायचं नाही. नऊ पिनांच्या व्हॉल्व्हमध्ये पिना थेट काचेतून बाहेर येतात. वाकड्या ताकदीने पिनेच्या मुळाशी केसाएवढा तडा जातो, आणि सर म्हणाले तो पांढरा थर दोन दिवसांत दिसतो. मोठ्या काळ्या बुडाचे ऑक्टल व्हॉल्व्ह बुडाला धरून काढा, काचेला धरून नाही. बुडाचा सिमेंट सुटला की काच हातात आणि बूड सॉकेटमध्ये. काहींना अॅल्युमिनियमचं टोपण असतं, ते परत घालायला विसरू नका. नाहीतर घुमायला लागतं आणि माणूस व्हॉल्व्हला दोष देतो.

पाऊसगाणी

रत्नागिरीहून लिहितोय. पुण्याच्या कोरड्या हवेत तानपुरा ताईंचा कंडेन्सर पन्नास वर्षं टिकला, आमच्याकडे समुद्राच्या वाऱ्यात सगळंच हिरवं होतं. माझ्या वडिलांचा मोठा टेबल रेडिओ मी चालता ठेवलाय, त्यावरून सांगतो.

पावसाळ्याचे चार महिने त्याला बंद ठेवायचं नाही. आठवड्यातून दोनदा तास-तासभर लावतो. व्हॉल्व्हच्या उबेने आतली ओल उडते, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांत बुरशी धरत नाही. व्हॉल्व्ह स्वतः ओलीने बिघडत नाही, तो काचेत बंद आहे. बिघडतं सॉकेट. पिना आणि सॉकेटच्या पत्र्यांमध्ये काळा-हिरवा थर साचतो आणि आवाज खरखरतो, मध्येच जातो, रेडिओवर थाप मारली की येतो. वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, सेट बंद आणि थंड असताना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पिना पुसतो आणि व्हॉल्व्ह तीन-चारदा आत-बाहेर करतो. तेवढ्याने खरखर जाते. पत्र्याची पकड सैल झाली असेल तर दाभणाने हलकेच आवळतो. पॉलिश पेपर लावू नका, मुलामा जातो.

दुसरं, जनावरं. मागचा पुठ्ठा फुटला असेल तर आधी तो नीट करा. एका जूनमध्ये पाल आत ऊब शोधत शिरली आणि अडीचशे व्होल्ट ते चॅसी असा पूल बांधून बसली. फ्यूज होता म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला. तेव्हापासून पुठ्ठ्याच्या भोकांना आतून बारीक जाळी लावलीय, पण हवा खेळेल अशीच. झुरळांसाठी डांबराच्या गोळ्या खोक्याच्या तळाशी, चॅसीपासून लांब.

आंबोळी

पालीला हिरवा डोळा म्हणजे नाग वाटला असेल!

पाऊसगाणी

हाहा, आमच्या आईनेही हेच म्हटलं होतं.

एडिसनकर

न्यू जर्सीत राहतो, अवांतर वाटेल पण बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. इथून भारतात व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर किंवा जुना रेडिओग्राम नेणारे मराठी लोक मला दरवर्षी भेटतात. नुसता २३० चा ११५ करणारा ट्रान्सफॉर्मर घेतला की झालं असं वाटतं. होत नाही. इथली वीज साठ हर्ट्झची, तिकडची पन्नासची. मागच्या पाटीवर फक्त साठ लिहिलं असेल तर पन्नासवर मेन्स ट्रान्सफॉर्मरचा गाभा जास्त तापतो. ५०-६० असं लिहिलेलाच सेट न्या. आणि तबकडीची मोटर वीजेच्या हर्ट्झवर फिरते. तिची पुली बदलली नाही तर तेहतीसची रेकॉर्ड मिनिटाला जेमतेम अठ्ठावीस फेरे घेते. मी काकूंच्या घरी तसा भीमसेन जोशींचा अभंग ऐकलाय, डोळ्यांत पाणी आलं ते वेगळ्या कारणाने.

डिमरस्टॅट

वीजेचा विषय निघालाच आहे तर तो तानपुरा ताईंनाही लागू आहे. सेटच्या मागे एक छोटी फिरती टोपी किंवा स्क्रूची पट्टी असेल, २००, २२०, २४० असे आकडे असतील. आजोबांच्या वेळी ती २२० ला ठेवलेली असणार. आज रात्री घरात २४० च्या वर सहज येतात. २२० च्या टॅपवर २४५ आले तर फिलामेंटला ६.३ ऐवजी सात व्होल्ट मिळतात. दहा टक्के जास्त. त्याने लगेच काही जळत नाही, पण कॅथोड अकाली झिजतो, आणि प्लेटचे व्होल्टही त्याच मापाने चढतात. टॅप २४० ला आणा. व्हॉल्व्हची निगा म्हणतात ती अर्धी या एका टोपीत आहे.

बरीच वर्षं न लावलेला सेट थेट मेन्सला लावू नये. डिमरस्टॅटने, म्हणजे मेन्सचे व्होल्ट कमी-जास्त करणाऱ्या यंत्राने, हळूहळू व्होल्ट चढवा, नाहीतर साठ किंवा शंभर वॅटचा जुना बल्ब सिरीजमध्ये लावून सुरू करा. बल्ब भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब चालणार नाही.

कोथरूडची_मनी

काका, आमच्या सेटमधला ईझेड ८०, म्हणजे एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह, गेला तेव्हा मेकॅनिकने त्याच्या जागी दोन छोटे डायोड लावून दिले. छान चालतोय. तेच सगळ्यांनी करावं का?

डिमरस्टॅट

मनीताई, मी ते करत नाही. ईझेड ८० स्वतः तापायला वेळ घेतो, म्हणून बाकीच्यांचे कॅथोड तापत आले की मगच प्लेटचे व्होल्ट चढतात. डायोड त्याच क्षणी सगळे व्होल्ट देतो, आणि व्हॉल्व्हमध्ये पडणारे वीसेक व्होल्ट पडत नाहीत म्हणून ते जास्तच देतो. दुसऱ्या कुणी करंट घ्यायच्या आधी ते सगळे जुन्या फिल्टर कंडेन्सरवर येतात. डायोड ठेवायचेच असतील तर पुढे योग्य वॅटचा रेझिस्टर घालून व्होल्ट मूळ जागी आणून घ्या आणि कंडेन्सर जास्त व्होल्टचे घाला.

याची दुसरी बाजू. ईझेड ८० ठेवून फिल्टर कंडेन्सर बदलताना "मोठा तेवढा चांगला" म्हणून २२० मायक्रोफॅरडचा घालतात. त्याची मर्यादा पन्नासची आहे. मोठा घातला की सुरू होताना आत ठिणगी पडते आणि चांगला व्हॉल्व्ह हकनाक जातो.

ट्रायोडप्रेमी

माझ्यासारखे नवे अॅम्प्लिफायर घेणारेही वाचत असतील, त्यांच्यासाठी लिहितो. ताईंच्या सेटमध्ये बायस, म्हणजे ग्रिडचा लगाम, आपोआप लागतो. मोठ्या अॅम्प्लिफायरमध्ये बहुधा फिक्स्ड बायस असतो आणि तो आपणच लावायचा असतो. कॅथोडखाली एक ओहमचा रेझिस्टर असला की एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर, इतकं सोपं. ईएल ३४ ची प्लेट २५ वॅट सोसते. मी सत्तर टक्क्यांवर ठेवतो, म्हणजे साडेसतरा वॅट. माझ्याकडे प्लेटला ४५० व्होल्ट आहेत, तर ३९ मिलिअँपिअर. नवा सेट घातल्यावर अर्ध्या तासाने, आठवड्याने आणि मग तीन-चार महिन्यांनी बघतो.

अंधारात एकदा नजर टाका. कॅथोडचा केशरी उजेड हवाच. काचेच्या आतल्या बाजूला चिकटल्यासारखा निळा उजेड दिसला तर घाबरू नका, चांगल्या व्हॉल्व्हमध्येही तो दिसतो. इलेक्ट्रोडच्या मधे जांभळट-गुलाबी धुकं भरलेलं दिसलं तर आत वायू आहे. आणि राखाडी प्लेट लाल दिसायला लागली तर गाणं संपायची वाट बघू नका, त्या क्षणी बंद करा. स्पीकर जोडल्याशिवाय अॅम्प्लिफायर कधीही लावू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो आणि तो व्हॉल्व्हपेक्षा कितीतरी महाग.

काकांशी एक मतभेद मात्र नोंदवतो. मुलार्ड या ब्रिटिश कंपनीचे जुने, न वापरलेले व्हॉल्व्ह आजच्या नव्यांपेक्षा चांगले वाजतात. मी दोन्ही लावून ऐकलेत.

डिमरस्टॅट

चांगले होते, यात वाद नाही. मुलार्डच्या ब्लॅकबर्नमधल्या कारखान्याचे मीही शेकड्यांनी लावले. पण बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह आम्ही त्याहून जास्त लावले आणि त्यांनी आयुष्यभर साथ दिली. आज मुलार्ड नाव छापलेला नवा व्हॉल्व्ह रशियात बनतो, त्या जुन्या कारखान्याशी त्याचा संबंध नावापुरता. आणि जुना म्हणून विकला जाणारा खरंच जुना आहे का, हे आधी बघा. छपाई कुणीही करू शकतो. मूळ खूण काचेत बुडाजवळ बारीक कोरलेली असते, ब्लॅकबर्नची बी अक्षराने सुरू होते. ती नसेल तर पैसे देऊ नका. मला तरी शंभर रुपये असतील तर मी नव्वद कंडेन्सरवर आणि दहा व्हॉल्व्हवर खर्च करीन.

ट्रायोडप्रेमी

मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा नव्या व्हॉल्व्हच्याही किमती भडकल्या होत्या, स्लोव्हाकियाचे मिळेनासे झाले होते. तेव्हापासून मी एक जोडी घरात ठेवतो. पण नव्वद-दहाचं गणित मान्य.

आंबोळी

मग रोज चालू-बंद करण्यापेक्षा दिवसभर चालूच ठेवला तर? बल्ब लावताना जातो तसा व्हॉल्व्हही सुरू होतानाच जातो ना?

ट्रायोडप्रेमी

माझ्या मते अर्ध्या-एक तासासाठी उठत असाल तर चालू राहू द्या. दिवसभर नको, आयुष्य तासांत मोजलेलं असतं. कित्येक तास फिलामेंट चालू आणि प्लेटचे व्होल्ट बंद, असं स्टँडबायवर ठेवणंही बरं नाही. कॅथोडच्या लेपाखाली रोधाचा एक थर धरतो आणि व्हॉल्व्ह दुबळा होतो.

डिमरस्टॅट

+१. आणि घराबाहेर जाताना कधीही चालू ठेवू नका. पन्नास वर्षांचा लाकडी सेट आहे.

निशिगंध

तानपुरा ताई कुठे आहेत? पुढे काय झालं?

तानपुरा

आले आले! परीक्षांचे पेपर तपासत होते. धागा दोनदा वाचला, दुसऱ्यांदा वही घेऊन.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला आहे. काकांचा प्रतिसाद छापून त्याच्या हातात दिला. तो त्याच्या सरांना विचारून, मीटर आणि बल्बचा बोर्ड घेऊन रविवारी आला. आईने त्याला सांगितलं, "एक हात पाठीमागे." तिनेही धागा वाचलाय.

आकडे जसेच्या तसे देते. घरात वीज २४१ व्होल्ट, मागची टोपी २२० वर, फिलामेंटला ६.९. कॅथोडवर सुरुवातीला ७.६, वीस मिनिटांनी १०.१. ग्रिडवर ३.८, जिथे शून्य हवं होतं. कंडेन्सरचं टोक सोडवलं आणि ग्रिडवर शून्य! तो मुलगा उडालाच. तिथला रेझिस्टर दीडशे ओहमचा आहे, म्हणून त्याने मला गणित करून दाखवलं : पन्नासऐवजी सदुसष्ट मिलिअँपिअर, त्यातले साठेक प्लेटचे, म्हणजे प्लेटवर चौदा वॅट, आणि ईएल ८४ ची मर्यादा बारा. बिचारा सगळी दिवाळी असा तापत होता.

तापकीर गल्लीतून ०.०१ चा, ६३० व्होल्टचा फिल्मचा कंडेन्सर आणला. चहा-वड्याच्या पैशांत आला. आत तसेच आणखी चार मेणाचे होते, तेही बदलले. टोपी २४० वर आणली. आता फिलामेंटला ६.३ आणि कॅथोडला ७.१, दोन तासांनीही ७.१. एकही व्हॉल्व्ह बदललेला नाही.

क्रोशाच्या रुमालाचा उल्लेख वाचून मी उठून बघितलं. आमच्याकडेही रुमाल मागच्या बाजूवर लोंबत होता आणि सेट भिंतीला टेकवून ठेवला होता. आता भिंतीपासून वीतभर पुढे आणलाय. रुमाल तबकडीच्या झाकणावर गेलाय. सगळ्या व्हॉल्व्हचे फोटो काढले. आईने फडकं ठेवून दिलं, रंगाचा मऊ ब्रश घेतलाय.

काल रात्री रेकॉर्डच्या दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या. आई शेवटपर्यंत काही बोलली नाही.

काका, तुमचे आभार कसे मानू? आणि एक शेवटचा प्रश्न. डोळा आता फार मंद दिसतो, दिवसा तर दिसतच नाही. पूर्वी असा नव्हता. तोही दुसऱ्या कुणामुळे का?

डिमरस्टॅट

ताई, वाचून फार आनंद झाला. त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, टोक सोडवून बघण्याचा धीर आमच्या वेळी शिकाऊ पोरांना यायला वर्ष लागायचं.

डोळ्याचं मात्र खरं वय झालंय. ईएम ८० मध्ये इलेक्ट्रॉन हिरव्या लेपावर आदळून उजेड पडतो आणि तो लेप झिजत जातो. सेटमधला सगळ्यात आधी थकणारा व्हॉल्व्ह तोच. त्याच्या पडद्याला पूर्ण व्होल्ट पोचतायत ना एवढं त्या मुलाकडून बघून घ्या, कधीकधी तिथला रेझिस्टर वाढलेला असतो. व्होल्ट बरोबर असतील तर उपाय नवा ईएम ८०. नाहीतर त्या वायरीत मागे एक छोटा स्विच बसवून घ्या. रेकॉर्ड ऐकताना डोळ्याला काही काम नसतं, तेव्हा तो बंद ठेवा आणि रेडिओपुरता उघडा. आहे तो बराच पुरेल.

तानपुरा

स्विच बसवून घेते. नरकचतुर्दशीला पहाटे मात्र तो मीच उघडणार, आईला सांगून ठेवलंय.